आतून कडीचं देवघर

रुक्मिणबाईच्या घरातल्या देवघराला कडी आतून होती. देवाला आतून कडी लावून घ्यायची वेळ कशी काय येते, असा प्रश्न नवख्या पाहुण्याला पडायचा. गावातल्या कुणाला पडत नसे. ती खोली मुळात संडास म्हणून बांधलेली आहे, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

भूकंपानंतर किल्लारीच्या आसपास जी नवी गावं वसली, त्यातलं हे एक. सरळ रस्ते, एका मापाची घरं. पुढं ओटा, आत दोन खोल्या, आणि मागच्या खोलीला चिकटून माणूस जेमतेम वळेल एवढा संडास. देणाऱ्यांनी भल्या मनानं दिलं, घेणाऱ्यांनी हात जोडून घेतलं, आणि त्या चिमुकल्या खोलीचं करायचं काय, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. टँकर आला तर प्यायला पाणी, नाही आला तर तेही नाही. मग ओतायला कुठून आणायचं? आणि आणलं असं धरलं, तरी चुलीच्या भिंतीपलीकडं ते काम करायचं म्हटल्यावर लोकांना किळस यायची. एवढं रान मोकळं पडलेलं असताना शहाण्या माणसानं घरात घाण करावी? तेव्हा कुणी त्यात गोवऱ्या रचल्या, कुणी कोंबड्या डालल्या, कुणी कांदे पसरले. रुक्मिणबाईच्या नवऱ्यानं, देविदासनं, देव बसवले. संडासाच्या भांड्यात वाळू भरली, वर शहाबादी फरशी बसवली, भिंतींना चुना दिला आणि उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. लोक हसले तर म्हणाला, वापरलंच नाही त्याला विटाळ कसला. बोलणं खरं होतं, त्यामुळे लोकांचं हसणं थांबलं.

पण देविदासनं ते देवांसाठी केलं नव्हतं. देव त्याच्या जुन्या घरात साध्या कोनाड्यात सुखानं राहत होते. त्यानं ती खोली केली शेवंतासाठी, आणि करावी लागली ती रुक्मिणबाईमुळे.

शेवंता ही देविदासची पहिली बायको. भूकंपाच्या पहाटे देविदास रानात राखणीला होता म्हणून वाचला. शेवंता आणि दोन लेकरं माळवदाच्या दगडमातीखाली गेली. गावातल्या कितीतरी बाप्यांची दुसरी लग्नं मग वर्षाच्या आतच, पत्र्याच्या शेडसमोर लागली. बाहेरच्यांनी नावं ठेवली. नावं ठेवणाऱ्याला काय, त्याच्या घरी भाकरी थापायला कुणीतरी असतं. निलंग्याकडच्या एका खेड्यातून रुक्मिण आली ती अशीच. बापाला चार पोरी, बिजवराचं मागणं काही नाही, वयात पंधरा वर्षांचं अंतर. पोरीला कुणी विचारलं नाही आणि पोरीनं तोंड उघडलं नाही. उघडलं ते भर मांडवात, आणि नको त्या वेळी.

रीत अशी, की दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा. म्हणजे गेलेली रुसत नाही, नव्या संसाराला आडवी येत नाही, आणि आपलं घर कुणी हिसकावलं असं तिला वाटत नाही. सोनाराकडून टाक घडवून आणला होता. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. शेवंताचा एकही फोटो नव्हता, त्यामुळे जगात मागं राहिली होती ती एवढीच. शेवंताचा धाकटा भाऊ आदिनाथ तो टाक काळ्या दोऱ्यात ओवून पुढं आला, आणि नवरी मागं सरली.

"मेलेल्या बाईला गळ्यात घालून मी नांदणार न्हाई," रुक्मिण म्हणाली.

लोकांना हा माज वाटला. खरं तर ती पोर भ्याली होती. ज्या गावात घरटी माणसं गाडली गेली, त्या गावात नांदायला जायचं, आणि वर त्यातलीच एक छातीवर वागवायची. झोपेत ती गळा धरेल, असं तिला वाटत होतं. पण भीती सांगायला शब्द लागतात. तिच्याकडं तेवढं एकच वाक्य होतं आणि ते वाक्य आयुष्यभर तिच्या नावावर लागलं. आदिनाथ लालबुंद झाला. देविदासनं त्याच्या हातातून टाक घेतला, सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि भटजीला पुढचं उरका म्हणाला.

बायकोला तो त्याबद्दल एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता, दोन ठेवून दिल्या असत्या, तरी बरं झालं असतं, असं रुक्मिणबाई म्हातारपणी शेजारणींना सांगायची. नवं घर मिळालं तशी त्यानं ती खोली केली. देवांच्या ओळीत, पण थोडा बाजूला, टाक मांडला. रोज सकाळी अंघोळ करून तो आत जायचा आणि कडी लावून घ्यायचा. रुक्मिणबाई भिंतीच्या अलीकडं भाकऱ्या थापायची. आत तो काय बोलायचा, बोलायचा की नुसता बसायचा, हे तिला कधी कळलं नाही. बाहेर आला की डोळे कोरडे असायचे, आणि भाकरी मुकाट्यानं खाऊन तो रानात जायचा. सवत जिवंत असती तर झिंज्या धरून भांडता आलं असतं. हिच्याशी भांडावं तर कसं, एवढ्याशा चांदीच्या पत्र्याशी.

घरात नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग रुक्मिणबाईनं नेसायचं. पंचमीला आदिनाथ बहिणीसाठी खण घेऊन यायचा, टाकापुढं ठेवायचा, चहा प्यायचा आणि जायचा. रीतीनं बघितलं तर दुसरेपणाची बाई म्हणजे पहिलीच्या माहेरची लेकच. पण टाक नाही तर नातंही नाही. भाऊबीजेला तो कधी तिच्या दारात आला नाही.

पुढं गावाला नळ आला. गल्लीतल्या बायकांनी कोंबड्या हाकलल्या, कांदे उपसले, खोल्या धुतल्या आणि वापरात घेतल्या. रुक्मिणबाईला देव हाकलता येईनात. सोमेश पोटात होता तेव्हा ती भर पावसात तांब्या घेऊन ओढ्याकडं जायची, आणि शेजारीण घरातून बाहेर येत विचारायची, बाई, अजून बाहेरच का? मग कधीतरी योजना आली आणि अंगणाच्या कोपऱ्यात, फाटकाजवळ, एक संडास झाला. खाली काळा पाषाण. खड्डा खोल जाईना म्हणून गवंड्यानं तो वर उचलला आणि चढायला पायऱ्या केल्या. पायऱ्या उंच होत्या, पण चालत होतं. माणसाचे पाय धड आहेत तोवर सगळंच चालतं.

सोयाबीनची रास चालू असताना देविदास खळ्यातच कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लकवा. लातूरहून घरी आणला तेव्हा तो नुसता हं म्हणायचा आणि मान हलवायचा. सोमेश नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला एका वर्कशॉपात कामाला. तो सुट्टी पडली की यायचा, बापाचे पाय चोळायचा आणि डोळे पुसत परत जायचा. बाकी सगळं रुक्मिणबाईवर. तिनं बाज मागच्या खोलीत, देवघराच्या भिंतीला लावून टाकली. स्वैपाक करता करता नजर राहते म्हणून.

सुरुवातीला देविदासला फारशी शुद्ध नव्हती. फडकी बदलली काय अन् अंग पुसलं काय, तो छताकडं बघत राहायचा. हळूहळू शुद्ध पुरती आली, आणि शुद्धीबरोबर लाज आली. फडकं बघितलं की तो डाव्या हातानं ओढून फेकायचा. एका सकाळी त्यानं फाटकाकडं बोट केलं. रुक्मिणबाईनं त्याचा हात खांद्यावर घेतला आणि त्याला ओढत अंगणातून नेलं. दुसऱ्या पायरीवर त्याचा पाय दुमडला. दोघं खाली आले. धोतर सुटलं, आणि जे पायऱ्या चढून व्हायचं ते तिथंच झालं. शाळेची वेळ होती. फाटकापाशी पोरं उभी राहिली. ती हसली नाहीत. गप्प उभी राहून बघत होती, आणि देविदास त्यांच्याकडं बघत होता.

त्यानंतर तो बाजेवरून उतरायला तयार होईना. सोमेशनं लातूरहून भोक असलेली खुर्ची आणली. पण खुर्ची ठेवणार कुठं? इकडं शेगडी, तिकडं पिठाचा डबा. पुढच्या खोलीत ठेवावी तर सरळ रस्ता दिसतो. रुक्मिणबाईनं दोरी बांधून लुगड्याचा पडदा केला. देविदासनं त्या खुर्चीकडं बघितलं, शेगडीवर रटरटणाऱ्या वरणाकडं बघितलं आणि मान फिरवली. आयुष्यभर ज्यानं चुलीसमोर चप्पल येऊ दिली नाही, तो माणूस तिथं कसा बसेल?

मग त्यानं स्वतःपुरता उपाय शोधला. पोटात काही गेलं नाही तर बाहेर काढावं लागत नाही. घास दिला की दोन खायचा, तिसऱ्याला दात आवळायचा. पाणी तोंडात घ्यायचा, धरून ठेवायचा आणि ती वळली की उशीवर सोडून द्यायचा. बरेच दिवस रुक्मिणबाईला वाटलं, लकव्यानं गिळता येत नाही. एकदा तिनं वळल्यासारखं केलं आणि वळलीच नाही. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळताना तिनं बघितलं, त्यानंही तिनं बघितलेलं बघितलं. माणूस डोळ्यांदेखत मरायला निघालाय आणि तोही लाजेपायी, हे तिला तेव्हा समजलं.

ती चिडली, रडली, पाया पडली. उपयोग झाला नाही. चैत्रातलं ऊन, त्यात पत्रे तापलेले. त्याचे ओठ फुटले, लघवी काळपट झाली आणि ताप चढला. सोमेश धावत आला आणि मायलेकरं त्याला घेऊन लातूरला गेली. तिथल्या डॉक्टरनं रुक्मिणबाईला बाजूला बोलावून सांगितलं, की अंगातलं पाणी संपत आलंय, असंच राहिलं तर किडन्या जातील आणि मग कुणाच्या हातात काही नाही. सलाइननं माणूस चार दिवस जगतो, जन्मभर नाही. घरी गेल्यावर त्यांनी पाणी प्यायलाच पाहिजे, ते का पीत नाहीत तेवढं बघा.

का पीत नाही हे तिला बघायची गरज नव्हती. सोमेशला बापाजवळ बसवून ती एकटीच बसनं गावी आली. घरात शिरली ती थेट देवघरापुढं जाऊन उभी राहिली. बाजेपासून चार पावलं. आड भिंत, दाराला कडी, खाली नळी जाण्यासाठी केलेली वाट. ज्याला जागेअभावी पाणी प्यायची चोरी, त्याच्या उशाशी जागा होती. त्या जागेत देव बसले होते, आणि देवांच्या बाजूला शेवंता.

गवंडी शिवशंकर तिच्या माहेरच्या बाजूचा, तिला मावशी म्हणायचा. काम ऐकल्यावर त्यानं हातातली थापी खाली ठेवली.

"मावशी, देवघर फोडून संडास? माझ्या हातून?"

"फोडून न्हाई. मूळ जे व्हतं तेच करायचंय."

"काकाला इचारलं का?"

"इचारलं," रुक्मिणबाई म्हणाली.

विचारलं नव्हतं. बोलता येत नाही म्हणून विचारलं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण मान हलवता येत होती ना त्याला. तो मान कशी हलवील ते तिला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. हे खोटं तिनं माणूस जगवायला बोललं की आणखी कशाला, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

देव तिनं स्वतः हलवले. पाटावर घेऊन पुढच्या खोलीत नव्या फळीवर मांडले, दिवा लावला, चुकलंमाकलं माफ करा म्हणाली. देवांनी काही तक्रार केली नाही. टाक तेवढा तिनं हातात घेतला, तेव्हा तो कुठं ठेवायचा ते सुचेना. इतक्या वर्षांत तिनं तो कधी उचललाच नव्हता. त्याचा मान देविदासचा. शेवटी फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात घातला.

शिवशंकरनं पहिला घण घातला आणि फरशी तडकली. तो आवाज रुक्मिणबाईच्या छातीत गेला आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं. त्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज ऐकत तिनं तीस वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या. घण पडत गेला तशी ती दारात उभी राहून बघत राहिली. फरशीखालची वाळू उपसल्यावर जुनं भांडं निघालं, पांढरंशुभ्र, जसं बसवलं तसं. शिवशंकर म्हणाला, मावशी, हे तर कोरं हाय की. रुक्मिणबाई खळखळून हसली. मग तिचं तिलाच कसंनुसं झालं, आणि ती चहा टाकायला वळली.

काम मात्र तिनं डोक्यानं करून घेतलं. दार रुंद केलं, दोघांना धरून जाता यावं इतकं. उंबरा काढला. खुर्चीसारखं बसायचं भांडं बसवलं, तेही नेहमीपेक्षा थोडं उंच, कारण देविदासला खालून उठता येत नव्हतं. नळ आणि धरायचा पाइप डाव्या हाताला, कारण चालता हात तेवढाच. फरशी खरबरीत घेतली. शिवशंकर गुळगुळीत घ्या म्हणत होता, तिनं ऐकलं नाही. दार लावलं की आतलं बाहेरून दिसत नाही आणि फारसं ऐकूही येत नाही, हे तिनं स्वतः आत बसून, शिवशंकरला बाहेर कान देऊन उभं करून तपासलं. घरातली कुठली खोली आपल्या मनाप्रमाणं करायची ही तिची पहिलीच वेळ होती.

घणाचा आवाज गावभर झाला होता. आदिनाथ आला. तोही आता म्हातारा, काठी टेकत आला. नवं पांढरं भांडं त्यानं बघितलं, पुढच्या खोलीतली देवाची फळी बघितली, आणि फळीवर जे नव्हतं तेही बघितलं.

"माझी बहीण कुठाय?"

रुक्मिणबाईनं तांदळाचा डबा दाखवला. तिथून काढून फळीवर ठेवते म्हणाली. आदिनाथनं मान हलवली.

"फळीवर न्हाई. ती देव न्हाई. तिची जागा तुझ्या गळ्यात व्हती, तू घेतली न्हाईस. मग दाजीनं ही जागा दिली, तिथूनबी काढलीस." त्याचा आवाज चढला नव्हता. "तीस वर्षं टपून बसली व्हतीस. दाजीची जीभ गेली आन् तुझं फावलं."

ती म्हणाली, की तुमचे दाजी मरायला टेकलेत, पाणी पीत नाहीत, डॉक्टर असं असं म्हणाले. सगळं खरं होतं. पण घणाचा आवाज ऐकून आपल्याला बरं वाटलं होतं, हे तिच्या मनातून जाईना, आणि त्यामुळे खरं बोलतानाही तिचा आवाज खोट्या माणसासारखा येत होता. आदिनाथनं तो ऐकला आणि तो निघून गेला. गल्लीनंही आपापलं समजून घेतलं. सवत ती सवतच, मेलेलीलाही सोडली नाही बाईनं.

देविदास घरी आला. सोमेशनं आणि शिवशंकरनं त्याला खुर्चीसकट उचलून आत आणलं. रुक्मिणबाईनं नवं दार उघडून दाखवलं. नळ सोडून दाखवला, डाव्या हाताचा पाइप दाखवला, हितं कुणी बघत न्हाई, कुणाला ऐकू येत न्हाई, आता पोटभर पाणी प्या म्हणाली. तिला वाटलं होतं त्याच्या तोंडावर सुटका दिसेल. तो आत बघत राहिला, जिथं पूर्वी देवांची ओळ असायची त्या भिंतीकडं. मग त्यानं तिच्याकडं बघितलं. आदिनाथनं जे तोंडानं म्हटलं होतं, तेच ह्याच्या डोळ्यांत होतं. रुक्मिणबाईनं सोडलेला नळ बंद केला. गावानं काहीही म्हणावं, पण ज्याचं गूमूत काढलं, त्यानंही?

त्यानं पाण्याला तोंड लावलं नाही. पेला आणला की भिंतीकडं वळायचा. आता तोंडात घेऊन फसवायचंही त्यानं सोडून दिलं होतं. सोमेश चिडला, बापावर ओरडला, मग अंगणात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी ताप पुन्हा वर चढायला लागला. परत लातूरला न्यावं लागणार, आणि या खेपेला परत आणू ते काय आणू, हे मायलेकरांना बोलायची गरज नव्हती.

रुक्मिणबाईनं तांदळाच्या डब्यात हात घातला. फडकं सोडून टाक त्याच्या डाव्या तळहातावर ठेवला. "अवो, हाय बघा. मी फेकली न्हाई तिला," ती म्हणाली. त्याची मूठ मिटली. मग त्यानं हात उचलला. अशक्त, हलणारा तो हात वर आला आणि रुक्मिणबाईच्या गळ्याशी, मंगळसूत्राच्या वाटीपाशी येऊन थांबला. मूठ तिथंच धरून तो तिच्याकडं बघत राहिला. मांडवात आदिनाथ उभा होता तसाच.

तीस वर्षांत त्यानं जे मागितलं नव्हतं, ते आता मागत होता. आणि जीव गहाण ठेवून मागत होता. रुक्मिणबाईला राग आला, इतका की तो हात झटकून टाकावा. तेव्हाच का नाही म्हणालात, तिला विचारायचं होतं. एकदा तरी जवळ बसवून, बांध गं, म्हणाला असता तर भीत भीत का होईना बांधला असता. पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याला विचारून काय करायचं? तिनं त्याच्या मुठीतून टाक सोडवून घेतला.

ती न्हाली. काळा दोरा काढला, टाक ओवला आणि खिळ्यावरच्या आरशासमोर स्वतःच स्वतःच्या गळ्यात बांधला. कुणी गळा धरला नाही. चांदी आधी गार लागली, मग अंगाइतकी झाली. एवढ्याला आपण भ्यालो, असं तिच्या मनात आलं. वाईट त्याचंच वाटलं.

ती पेला घेऊन बाजेवर वाकली तसा टाक त्याच्या डोळ्यांसमोर लोंबला. देविदास पाणी प्याला. पेला संपवून त्यानं आणखी मागितलं. दुपारी त्यानं स्वतः त्या दाराकडं बोट केलं. तिच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत तो गेला, बसला, डाव्या हातानं पाइप धरला. ती दार ओढून बाहेर उभी राहिली. आतून नळाचा आवाज आला, आणि रुक्मिणबाई पदर तोंडात धरून रडली. खोली नीट झाली होती. तिनं ठरवलं होतं तशीच चालत होती.

ताप उतरला, अन्न जाऊ लागलं. पावसाळ्यात जीभही थोडी सुटली. पहिला शब्द आला तो तिला नीट कळला नाही, घशातला आवाज असेल असं वाटलं. दुसऱ्यांदा स्पष्ट आला. "शेवंता." ती म्हणाली, मी रुक्मिण. तो पुन्हा शेवंता म्हणाला, आणि पाणी मागितलं. सोमेशनं फोनवरून डॉक्टरला विचारलं. ते म्हणाले, अशा दुखण्यात जुनं तेवढं राहतं आणि मधलं पुसतं, मनावर घेऊ नका. रुक्मिणबाईनं मनावर घेतलं. पण रोज किती वेळा सांगणार? पोरं निजली का, असं तो विचारायचा. ती आधी गप्प राहायची. मग एकदा, भाकरी उलटता उलटता, निजली म्हणाली, आणि तो समाधानानं डोळे मिटून पडला. त्यानंतर ती रोजच निजली म्हणू लागली.

भाऊबीजेला आदिनाथ आला. गल्लीतून त्याला टाकाचं कळलं होतं. पाटावर बसला, ओवाळून घेतलं, ताटात साडी ठेवली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. अक्का म्हणाला. ही साडी आधी कुणाला दाखवायची नव्हती. रुक्मिणबाईला आता रुक्मिण म्हणणारं त्या घरात कुणी उरलं नव्हतं. सोमेश माय म्हणायचा, तोही सुट्टी पडली तर.

थंडीतल्या एका सकाळी तिनं देविदासला त्या खोलीतून बाहेर आणलं, बाजेवर बसवलं आणि कोमट पाण्यात फडकं पिळून त्याचे पाय पुसत बसली. तो खाली वाकलेल्या तिच्या डोक्याकडं बघत होता. मग त्यानं तिचं मनगट धरलं. जीभ अडखळत होती, पण शब्द एकेक करून सगळे आले.

"लई केलंस गं माझं. तू व्हतीस म्हणून केलंस, शेवंता. दुसरीनं कुणी केलं नसतं."

नवऱ्याच्या तोंडून असं काही ऐकायची रुक्मिणबाईनं तीस वर्षं वाट बघितली होती. तिनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं.

"हाव," ती म्हणाली.

मग तिनं तांब्या त्याच्या तोंडाला लावला, आणि देविदास घटाघटा सगळं पाणी प्याला.